लुक म्हटलं की मान उजवीकडे

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. मागे एकदा हा किस्सा सांगताना आमच्या मेहुण्यांना ठसका लागला आणि बहिणीनं दोष मला दिला.

फजिती सगळ्यांचीच होते हो. पण बहुतेकांची चार भिंतींत होते. माझी झाली तेव्हा समोर अर्धं माजलगाव खुर्च्या टाकून बसलं होतं आणि माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता. हारासकट फजिती झालेला माणूस पाहिलाय कधी? मग आज बघून घ्या.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज येत होतं. दिल्लीत उघडली असतील. माजलगावात उघडलं ते एसटीडी बूथचं काचेचं दार. पण हवा अशी होती की आता कंपन्या येणार, परदेशी माणसं येणार, आणि ज्याला इंग्रजी येत नाही तो कडेला पडणार! त्या हवेवर मी इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सरकी पेंडीच्या दुकानावर एक खोली, संध्याकाळी सात ते आठ. दिवसा मी कॉलेजात तासिकांवर शिकवायचो. म्हणजे तास झाला तर मानधन, नाही झाला तर नमस्कार. इंग्रजीत एम. ए. होऊन वय एकतीस झालं होतं आणि घरात वडील माझ्याकडे बघून काही बोलत नसत. न बोलणारे वडील फार वाईट.

क्लासला पोरं येतील असं मला वाटलं होतं. आले पोरांचे बाप. पहिल्या दिवशी पुढच्या सतरंजीवर शिवलिंगअप्पा बसले. कपड्याचे मोठे व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, वजन भरपूर. त्यांच्या मागे खतवाले, किराणावाले, आडते आणि धरणाच्या पाण्यावर ऊस पिकवणारे चार बागायतदार.

"अप्पा, तुम्ही इंग्रजी शिकून काय करणार?" मी विचारलं.

"सर, मिलचा मानूस येतो, फोनवर सायबाशी गिटपिट बोलतो, आन् आमी आपले हसत बसतो. हसून हसून जबडा दुखायला लागला. त्यो कावून हसवतो ते तरी कळू द्या."

एवढी प्रामाणिक गरज मी कॉलेजात कधी पाहिली नव्हती.

सगळं बरं चाललं होतं. गाडी अडली क्रियापदांपाशी. इंग्रजांनी एकाच कामाला चार चार शब्द करून ठेवलेत, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या व्यापाऱ्यांना ते पटेना.

"लुक म्हंजे?"

"बघणे."

"सी म्हंजे?"

"बघणेच. म्हणजे दिसणे."

"आन् वॉच?"

"बघत राहणे."

"मंग एवढा माल कशाला भरला बे त्यांनी? आमी तर एकात भागवतो!" खतवाले बसवराज म्हणाले.

मी उदाहरण दिलं. "अप्पा, समजा तुम्ही गादीवर बसलाय आणि रस्त्यानं तुमचे व्याही चाललेत. नजर गेली, दिसले, हे झालं सी. तुम्ही मुद्दाम मान वळवून बघितलं, हे लुक. आणि ते कुणाच्या दुकानात शिरतात हे टक लावून बघत बसलात, की वॉच. कळलं?"

अप्पांनी विचार केला. "सर, व्याही दिसले की मी तोंड फिरवतो. त्येला काय म्हनतेत?"

त्याला शब्द माझ्याकडे नव्हता. इंग्रजांकडेही नसावा.

मधेच बीडजवळच्या कपिलधारची यात्रा आली. निम्मा क्लास तिकडे गेला आणि परत आला तो सी, लुक, वॉच सगळं तिथल्या धबधब्यात सोडून. मी चिडलो, आणि चिडून एक शोध लावला. म्हटलं, डोक्यात राहत नाही ना? अंगात घालतो! प्रत्येक क्रियापदाला एक हालचाल ठरवून दिली.

नीट ऐका, पुढे लागेल. सी म्हटलं की भुवया वर आणि डोळे मोठे, कारण ते आपोआप दिसणं. लुक म्हटलं की मान झटकन उजवीकडे, कारण ते मुद्दाम बघणं. वॉच म्हटलं की कपाळावर हाताचं छप्पर करून मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायची. टेलला सांगायला समोर माणूस लागतो, म्हणून शेजाऱ्याच्या मांडीवर थाप. टेक म्हणजे इथून तिकडे नेणं, दोन्ही तळवे पुढे ढकलायचे. ब्रिंग म्हणजे तिकडून इकडे आणणं, हात छातीशी ओढायचे.

"शब्द कानावर पडला की विचार करायचा नाही," मी बजावलं. "अंग हललं पाहिजे. जो चुकेल त्यानं सगळ्या क्लासला चहा पाजायचा!"

झालं! व्यापारी माणूस कपडा मोजताना चार बोटं जास्त देईल, पण अख्ख्या क्लासला चहा? आठवडाभरात क्लास असा तयार झाला की मी खोकल्यासारखं 'लुक' म्हटलं तरी चाळीस माना उजवीकडे. खालचा पेंडवाला विचारायला आला, वर भजन चालतं का कुस्ती. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

ही कीर्ती आबासाहेबांच्या कानावर गेली. आबासाहेब आमच्या तालुक्याचे पुढारी. त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं आणि न उठता म्हणाले, "सर, जूनपासून शाळा काढतोय. इंग्लिश मिडियम. इंग्रजीला कायमचा मास्तर पायजे. आपलं मानूस असलं तर बरं."

कायमचा! हा शब्द माझ्या बाबतीत आजवर फक्त सर्दीला लागला होता.

"पन आधी एक काम करा," आबासाहेब म्हणाले. "ठिबकचा परदेशी तज्ज्ञ येतोय माझ्या मळ्यात. डॅनियल म्हनून हाय. त्याचं भाषन तुमी मराठीत सांगायचं. आन् तुमच्या क्लासची मानसं म्होरं बसवा. त्येला वाटलं पायजे, हितं समद्यांना इंग्रजी कळतं. एवढं नीट पार पडलं की मास्तरकी तुमची."

मला ती नोकरी हवी होती. आढेवेढे कशाला घेऊ, फार हवी होती. भाषांतराची मी आरशासमोर तयारी केली. वडिलांनी मला कधी नव्हे ते विचारलं, इस्त्री करून ठेवू का म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी कालव्याच्या कडेला मांडव घातला होता. बसणाऱ्यांच्या डावीकडे टेबलावर ठिबकच्या काळ्या नळ्या, उजवीकडे चुलवणावर आचारी कढईत भजी सोडतोय. पुढच्या दोन रांगांत माझा क्लास, सगळे पांढऱ्या शर्टात, आणि त्यांच्यात मधेच पाहुणे म्हणून आलेले तहसीलदार, नेमके शिवलिंगअप्पांच्या शेजारी. मागे गावोगावचे शेतकरी.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी क्लासला सांगितलं, "गप्प बसा, मान डोलवा, शेवटी टाळ्या वाजवा." तेवढ्यात कुणीतरी माझ्या गळ्यात हार घालायला लागला, आणि त्या गडबडीत अप्पा म्हणाले, "सर, चहाचा नेम आज चालू हाय का?"

आणि मी? हार सरळ करत हसून म्हणालो, "हो हो, नियम तो नियम!"

'नेम' एवढाच शब्द कानावर पडला होता, बाकी मी धड ऐकलंच नव्हतं! बस्स. माझ्या आयुष्याचं जे काही झालं ते या एका वाक्यानं झालं.

डॅनियल साहेब उठले. उंच, उन्हानं लाल झालेले, डोक्यावर टोपी. गोड हसून म्हणाले, "आय ॲम हॅपी टू सी यू ऑल."

पुढच्या दोन रांगांतल्या भुवया एकदम वर. डोळे बटाट्याएवढे.

साहेब दचकले. त्यांनी आधी स्वतःच्या शर्टाची बटणं तपासली. मग पँटची. सगळं जागच्या जागी होतं. मी घाईघाईनं भाषांतर केलं, "तुम्हाला सगळ्यांना बघून आनंद झाला." वाटलं, होईल बंद.

साहेबांनी डावीकडच्या टेबलावरची नळी उचलली. "नाउ लुक ॲट धिस पाइप."

चाळीस माना झटकन उजवीकडे! नळी डावीकडे आणि अख्खा क्लास बघतोय आचाऱ्याकडे. आचाऱ्याला वाटलं, काहीतरी करपलं. त्यानं घाबरून कढईखालची लाकडं ओढली. साहेबांनीही नळी हातात धरून आचाऱ्याकडे बघितलं. आबासाहेबांनीही बघितलं.

"ही नळी बघा," मी माइकमध्ये म्हणालो.

"वॉच द वॉटर," साहेबांनी कॉक उघडला. "वॉच इट केअरफुली."

कपाळावर हातांची छपरं आली आणि चाळीस माना डावीकडून उजवीकडे फिरू लागल्या. सावकाश. मी शिकवलं होतं तशाच, अगदी एका लयीत.

आता मागच्या शेतकऱ्यांत चुळबुळ सुरू झाली. पुढची मोठी मोठी माणसं कपाळावर हात धरून आभाळाकडे काहीतरी शोधतायत म्हटल्यावर त्यांनी काय समजायचं?

"काय आलं बे तिकडं?"

"हेलिकॉप्टर असंल! मंत्री येतोय जनू."

"मंग उठ की! हितं कावून बसलाय?"

मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. पोरं खुर्च्यांवर चढली. आबासाहेबांपर्यंत बातमी पोचली की मंत्री येतोय, आणि त्यांचा चेहरा उतरला. आपल्या मळ्यात आपल्याला न सांगता मंत्री? म्हणजे विरोधी गटाचं काम! त्यांनी टोपी सारखी केली आणि शेजारच्या कार्यकर्त्याला दरडावलं, "जीप काढ! कुठं उतरतोय बघ. मला सांगितलं कावून न्हाई कुनी?"

जीप धूळ उडवत गेली. इकडे ठिबकचं पाणी थेंब थेंब पडत होतं आणि ते बघणारा मांडवात एकही माणूस नव्हता.

साहेब कष्टाळू होते. त्यांनी भाषण सोडलं नाही. म्हणाले, "गो होम अँड टेल युवर नेबर."

फटाफट थापा पडल्या! शिवलिंगअप्पांचा भरदार तळहात तहसीलदारांच्या मांडीवर बसला. तहसीलदार खुर्चीतून वीतभर उडाले. मग त्यांना वाटलं, अप्पांचं काही खासगी काम असेल. त्यांनी कान पुढे केला. "बोला अप्पा, काय अडचण आहे?"

"काय न्हाई सायेब," अप्पा सरळ समोर बघत म्हणाले. "टेल हाय."

मला आता काहीतरी करणं भाग होतं. मी स्टेजवरून दोन्ही तळवे पुढे करून खूण केली, थांबा! थांबा म्हणजे काय हो? तळवे पुढे ढकलले! क्लासच्या लेखी ते टेक. चाळीस जणांनी तळवे पुढे ढकलले. मी घाबरून हात छातीशी ओढून घेतले. त्यांनी ब्रिंग केलं. मी कपाळावर हात मारला, तर त्यांनी छप्पर करून माना फिरवल्या. आता मी हललो की अख्खा मांडव हलायला लागला, कारण मागच्या शेतकऱ्यांनी ठरवलं होतं की इंग्रजी भाषण असंच ऐकायचं असतं.

आणि सगळ्यात वाईट सांगू? साहेबांनी पुन्हा 'लुक' म्हटलं, तेव्हा क्लासबरोबर माझीही मान आचाऱ्याकडे गेली. आपोआप! महिनोन् महिने रोज संध्याकाळी मीच तर करून दाखवत होतो. माइक एकीकडे आणि मी आचाऱ्याला ठिबक सिंचन समजावून सांगतोय. आचारी मान हलवून "बरं, बरं" म्हणत होता.

तेवढ्यात साहेबांच्या काहीतरी लक्षात आलं. ते थांबले. डोळे बारीक केले. हळूच, चाचपून बघावं तसं म्हणाले, "लुक?"

माना उजवीकडे.

"सी?"

भुवया वर.

साहेबांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की काय सांगावं! त्यांनी भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले. पुढचा अर्धा तास ठिबक राहिलं बाजूला. लुक, सी, वॉच, टेल! कधी हळू, कधी भराभर, कधी उलटसुलट. मांडव हलतोय, मांड्या वाजतायत, म्हातारे टोप्या सावरतायत. तहसीलदारांनीही शेवटी अप्पांची परतफेड केली. मी आपला इमानानं भाषांतर करत होतो, "बघा, बघा, बघत राहा, सांगा, बघा."

आबासाहेब मागून येऊन माझ्या कानाशी कडाडले, "सर! त्यो येगयेगळं बोलायलाय आन् तुमी नुसतं बघा बघा लावलंय. नीट सांगा की!"

"आबासाहेब, मराठीत बघाच आहे ते," मी म्हणालो.

"मंग इंग्रजीचा मास्तर कशाला ठेवायचा?" ते म्हणाले आणि निघून गेले.

एवढं ऐकल्यावर मी हार काढून खुर्चीवर ठेवला.

जीप परत आली. मंत्री कुठेच सापडला नाही. साहेब हसत हसत, सगळ्यांशी हात मिळवत गेले. भजी कच्ची राहिली होती, तरी लोकांनी खाल्ली. आणि माझा क्लास माझ्याभोवती जमला. घामानं भिजलेले, दमलेले, पण चेहऱ्यावर काय तेज!

"सर," शिवलिंगअप्पा छातीवर हात ठेवून म्हणाले, "एकबी चुकला न्हाई. तहसीलदार शेजारी असून मी टेल सोडलं न्हाई. चहा कुनावरच न्हाई!"

यांच्यावर रागावणार कसं? चूक त्यांची नव्हतीच. मी घरी गेलो. वडिलांनी चेहरा बघितला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. इस्त्रीचा शर्ट मी खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून बोलावणं आलं. म्हटलं, चला, शिव्या खाऊन येऊ, तेवढं तरी कायमचं मिटेल. आबासाहेब झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी एक झोका घेतला.

"सर, एक सांगा. ह्यो शिवलिंगअप्पा. मी बारका होतो तवापासून बघतोय, गादीवरून उठत न्हाई. कापडाचं ठान काढायला नोकर लागतो त्येला. लगनात अक्षता बी बसून टाकतो. त्येला तुमी काल एवढा हलवला कसा?"

"चुकलं, आबासाहेब."

"चुकलं कुठं? ह्या तालुक्यात मी दोन मानसं एका रांगेत उभी करू शकलो न्हाई. तुमी बिना काठीचं समद्यांना एका तालावर नाचवलं! आन् त्यो गोरा बी खूश होऊन गेला. म्हनला, डेमो हितंच लावतो, अशी मानसं कुठं बघितली न्हाईत." त्यांनी पुन्हा झोका घेतला. "नोकरी तुमचीच. कायमची. जूनपासून या."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर त्यांनी बाजूच्या ड्रॉवरमधून एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. काळी दोरी असलेली पितळी शिट्टी.

"इंग्रजीला बीडचा मास्तर घेतलाय मी," आबासाहेब म्हणाले. "तुमी कवायत घ्या."

तर असा मी पी. टी.चा सर झालो. ज्याला जिना चढून क्लासला जाताना दम लागायचा तो मी! सुरुवातीला वाटायचं, वर्षभरात कुणीतरी म्हणेल, सरांचं एम. ए. इंग्रजीत आहे, त्यांना एखादा तास द्या. वर्षं जात राहिली. बीडचे मास्तर गेले, अंबाजोगाईचे आले, तेही गेले. माझी शिट्टी तेवढी बदलत राहिली, पितळी जाऊन प्लास्टिकची आली.

मागच्या वर्षी निवृत्त झालो. शाळेनं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. नवे मुख्याध्यापक तरुण आहेत, त्यांनी माझ्याबद्दल चांगलं बोलायचं म्हणून बरीच चौकशी केली असावी. माइक हातात घेऊन ते कौतुकानं म्हणाले, "सरांचं एक वैशिष्ट्य आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. पी. टी.चे शिक्षक असूनही सरांना थोडंफार इंग्रजी येतं!"

टाळ्या पडल्या हो. चांगल्या जोरात पडल्या.